सातव्या नमुन्याचं वजन

१

गिरजाबाईने बादलीतून हात बाहेर काढले तेव्हा कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. फेस छान झाला होता, पंचा स्वच्छ निघाला होता, आणि शेषराव साहेब "क्रमांक सात, समाधानकारक" असं लिहायला पेनाचं टोपण काढत होते.

"साहेब," गिरजाबाई म्हणाली, "हे आग काहून होऊन राह्यली?"

तिने तळवे उलटे केले. बोटांच्या बेचक्यातली कातडी भिजल्या कागदासारखी सुटून आली होती.

वच्छला सरकटे धावली. रांजणातलं पाणी तांब्यामागून तांब्या तिने त्या हातांवर ओतलं. गिरजाबाईचे हात म्हणजे चौदा वर्षं या कार्यालयात पाणी भरलेले, फरशा पुसलेले, साहेबांपासून पत्रावाल्यांपर्यंत सगळ्यांना चहा दिलेले हात. ती ओरडली नाही. नुसती ओठ चावत राहिली, आणि वच्छलेला ते जास्त लागलं.

खिडकीशी जुने कारागीर गर्दी करून उभे होते. त्यातला एक जण हसला. "घ्या. नवीन उद्योजक. कपड्याच्या आधी मानसाची कातडी धुतली."

उद्योजक हा शब्द वाशीमने पहिल्यांदा ऐकला तो वच्छलेच्या तोंडून, म्हणून त्या शब्दाचा सगळा राग तिच्यावर. लघुउद्योग साहाय्य कार्यालयात चौदा वर्षं एकच काम चालत आलं होतं. ज्याचा धंदा आहे त्याला सांभाळायचं. टिनवाल्याला पत्रा, विणकराला सूत, साबणवाल्याला कॉस्टिक सोडा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोट्याप्रमाणे, सरकारी भावाने. यंदा, अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये, वरून कागद आला. कोटा बंद. आता वाटप नाही, नवे उद्योजक घडवायचे. महिनाभर शिकवायचं, मग ज्याने त्याने स्वतःच्या हाताने एक नमुना करून आणायचा, आणि पास होईल त्याला रिसोड रस्त्यावरच्या नव्या नऊ गाळ्यांपैकी एक गाळा द्यायचा. त्या कागदापाठोपाठ प्रसार पर्यवेक्षिका म्हणून वच्छलेची नेमणूक आली. सव्वीस वर्षांची पोर, वडील शाळेत शिपाई. पहिल्याच आठवड्यात तिच्या खुर्चीचा एक पाय कोणीतरी काढून नेला होता.

सातवा नमुना रिठदच्या लिलाबाईचा. कपड्याच्या साबणाची वडी, सरकीच्या तेलाची.

"तरी म्या म्हनत होतो," भांडारपाल चंपत कोपऱ्यातून म्हणाला, "जिनं केली तिलेच धुवाले लावा. साहेबाले घाई."

"रिठदची बस तासभर उशिरा, आम्ही काय बसून राहायचं?" शेषराव साहेब गिरजाबाईकडे न बघता म्हणाले. "सरकटेबाई, ही तुमची लिलाबाई. तुम्हीच शोधून आणलीत. परवा बुधवारी अकोल्याची समिती येते आहे. क्रमांक सात रद्द. गाळा प्रतीक्षा यादीतल्या गुलाबसिंगला. आणि बाईवर पोलिसात रिपोर्ट."

"वडी बदललेली असू शकते, साहेब."

चंपतने रजिस्टर उघडून टेबलावर आपटलं. "चार सप्टेंबरले जमा, वजन एक किलो. आज पंचवीस. आज सकाळी तुमच्याच डोयापुढं काट्यावर ठेवली. किती भरली?"

"एक किलो."

"मंग? चौदा वर्षांत या भांडारात गुंजभर फरक पडला नाई, बाई. बदलली म्हन्ता, तं फरक दाखवा."

तेवढ्यात दारात लिलाबाई उभी राहिली. बसमधून उतरून धावत आली असावी. कडेवरचं लेकरू घामाने चिंब. तिने बादली पाहिली, गिरजाबाईचे हात पाहिले, आणि खिडकीतली तोंडं पाहिली.

"माह्या साबनानं मानसाची कातडी जात नाई," ती म्हणाली.

लिलाबाईने वच्छलेकडे पाहिलं. आणि वच्छलेची नजर, तिच्याही नकळत, बादलीकडे गेली.

लिलाबाईला तेवढं पुरलं. लेकरू दुसऱ्या कडेवर घेऊन ती आल्या पावली निघून गेली.

२

तीन आठवड्यांत वडी होती तरी कुठे? शनिवारचा दिवस सोडला तर चंपतच्या भांडारात, कुलुपात. शनिवारी मात्र प्रदर्शन म्हणून, प्रतीक्षा यादीतल्यांसकट सगळे नमुने सभागृहात टेबलांवर मांडले होते, आणि अर्धं वाशीम ते चिवडून गेलं होतं. वडीची ओळख म्हणजे दोऱ्याने बांधलेली, सातचा आकडा लिहिलेली चिठ्ठी. दोरा सोडायला आणि दुसऱ्या वडीला बांधायला अक्कल लागत नाही.

वच्छला आधी हिरालालकडे गेली. बाजाराच्या बोळात त्याचं तेला-साबणाचं दुकान. मागच्या पडवीत साबणाची कढई. कॉस्टिकचा सगळ्यात मोठा कोटा वर्षानुवर्षं त्याचा. कोटा गेला आणि त्याच्या नाकासमोर रिठदची एक बाई साबणाचा कारखाना काढायला निघाली. त्याच्याइतकं कारण दुसऱ्या कोणाकडे?

हिरालाल गिऱ्हाईकाशी भांडत होता. एक म्हातारी वडी नाचवत होती.

"किलोची म्हनून देल्ली. घरी जाऊन तोलली, साडेनऊशे. लाज वाटू दे जराशी."

"मावशी, पोळ्याच्या आधी नेली तू, ती आज तोलते? आन ती उतरंडीवर ठेवली असंन."

"उतरंडीवर ठेवो नाई तं देव्हाऱ्यात ठेवो. किलो म्हंजे किलो."

"बरं माय, बरं." त्याने एक तुकडा कापून तिच्या पदरात टाकला आणि वच्छलेकडे वळला. चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे विझलं. "या, सरकटेबाई. आमचं बंद करून झालं, आता पाहाले आल्या का मेलो का नाई ते?"

"शनिवारी तुम्ही सभागृहात होता."

"होतो. तिची वडी हातातबी घेतली. वास घेतला, नख मारून पाह्यलं."

"मग?"

"मंग काय? चांगली होती." हे शब्द तोंडातून निघताना त्याला दाढदुखीसारखं झालं. "आयका बाई. मले तिले मारायची असती तं म्या बाजारात मारली असती, भाव पाडून. साबन नासवनं हे साबनवाल्याचं काम नाई. कॉस्टिक काय करते ते मले मालूम हाये. माह्या बापाचा एक डोया त्याच्यातच गेला."

"तुमचं ऐकून मी विश्वास ठेवायचा?"

"नका ठेवू. तुमी सरकार. सरकारनं आमच्यावर कवा ठेवला? वीस वर्षं धंदा करून राह्यलो, आन आता तुमी म्हन्ता तुह्यं वय झालं, तुले परीक्षेलेबी बसता येत नाई."

नव्या नियमांच्या कागदावर तिनेच कारागिरांच्या सह्या घेतल्या होत्या, आणि पस्तिशीच्या वरच्यांना अर्जच नाही ही अट वाचून दाखवताना तिची जीभ अडखळली होती.

गुलाबसिंग बसस्टँडवर सापडला. धनजजवळच्या तांड्यावरचा तरणा गडी, पत्र्याच्या बादल्या आणि धान्याच्या कोठ्या करणारा. लिलाबाईचं नाव कटलं की गाळा त्याचा.

"या," तो म्हणाला. बाकावरून उठला नाही. "म्या वाटच पाहून राह्यलो. कुठं काई झालं का तांडा पह्यले आठवते लोकायले."

"शनिवारी तू सातव्या टेबलाशी तासभर उभा होतास. चार जणांनी सांगितलं."

"माह्या बादलीचं टेबल सहावं. पायाले खुट्टी ठोकून मले तिथंच उभं केलं होतं तुमीच."

हे खरं होतं. मांडणी वच्छलेनेच केली होती.

"वडीचं वजन किती होतं, माहीत आहे तुला?"

"मले काय माईत? थे रजिस्टर चंपतभाऊ कोनाले दाखवते का? लेकराले छातीशी धरते तसं धरून बसते. माह्या बादलीचं वजन म्या इचारलं तं म्हने, सरकारी बाब हाये." तो थुंकला, आणि मग दुसरीकडे बघत म्हणाला, "गाळा पाह्यजे मले. लय पाह्यजे. पन तिच्या लेकराच्या तोंडातला नाई. लिहून घ्या पाह्यजे तं."

वच्छलेने काही लिहून घेतलं नाही. दोघांनाही कारण होतं, दोघेही टेबलापाशी होते, आणि दोघांचंही बोलणं खरं वाटत होतं. म्हणजे मग राहिली एकच शक्यता, जी कार्यालयातल्या सगळ्यांना हवी होती: वडी बदललीच नव्हती. ती लिलाबाईचीच होती.

३

मंगळवारी सकाळच्या बसने ती रिठदला उतरली. बौद्धवाड्याच्या टोकाला लिलाबाईचं घर. भिंतीला ताजा पोतारा, दारात जर्मनची पातेली उन्हात पालथी. नवरा देवमन दारातच होता. त्याने वच्छलेला पाहिलं, खुरपं उचललं, आणि "येतो" एवढंही न म्हणता शेताकडे चालू लागला.

लिलाबाई अंगणात लंगोट धुत होती.

"काहून आल्या? पोलिस घेऊन याले पाह्यजे होते."

"लिलाबाई, मी..."

"तुमी काल बादलीकडं पाह्यलं. म्या पाह्यलं तुमी कुठं पाह्यलं ते." तिने लंगोटाला साबण लावला आणि दगडावर घासू लागली. "बाकीच्याईचं मले काई वाटलं नाई. थे लोक तसेच हाये. तुमी आमच्यातल्या. चार महिने माह्या घरी येऊन सांगतलं, लिलाबाई तू करू शकते, तू करू शकते. आन एका बादलीत तुमचं सारं वाहून गेलं."

वच्छला खाली जमिनीवर बसली. तिने हात पुढे केला. "तो साबण द्या."

"कायले?"

"द्या तर."

तिने उरलेला लंगोट ओढून घेतला आणि धुऊ लागली. बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला, मनगटापर्यंत साबण चोळला. हाताला काही झालं नाही. लिलाबाईचं पोर रांगत आलं, तिच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं आणि फेसात हात बुचकळून खिदळलं. आईने त्याला अडवलं नाही. वच्छलेने ते पाहिलं. जी आई हा फेस पोराच्या अंगाला लागू देते, तिने तो कसा केला असेल हे विचारायला एवढ्या लांब यायची गरजच नव्हती.

"ही त्याच घाण्यातली वडी?" तिने विचारलं.

"त्याच. किलो-किलोच्या आठ वड्या निंगाल्या. एक तुमाले देल्ली, एक हे वापरून राह्यली. सहा माळ्यावर हायेत." लिलाबाईचा आवाज अजून मऊ झाला नव्हता, पण धंद्याचं बोलणं आलं तसा तो सरळ झाला. "म्या तवाच त्या चंपतभाऊले सांगतलं होतं, महिनाभर हात नका लावू, पिकू द्या. ताजी वडी ओली असते. तुमची शेवटची तारीख चार, म्हनून कच्ची द्या लागली."

"पिकते म्हणजे?"

"वाळते. आंबाडीच्या भाजीवानी आंग चोरते. घट्ट होते, हलकी होते."

वच्छलेचे साबणाचे हात तसेच थांबले.

"हलकी होते?"

"व्हय तं. पानी उडून जाते. हे शेंबड्या पोराले समजते, बाई."

"माळ्यावरच्या सहा उतरवा," वच्छला म्हणाली. "आत्ता. आणि गावात काटा कोणाकडे आहे?"

किराणा दुकानात काट्यावर पहिली वडी ठेवली. दुसऱ्या पारड्यात एक किलोचं माप टाकताच ते खाली बसलं, आणि वडी वर हवेत राहिली. दुकानदाराने मापं बदलली. आठशे नव्वद ग्रॅम. दुसरी, आठशे पंच्याऐंशी. तिसरी, पुन्हा नव्वद. सहाच्या सहा वड्या चार सप्टेंबरला किलोच्या होत्या, आणि आज एकही नऊशेच्या वर नव्हती.

आणि कार्यालयातली सातवी वडी, त्यांचीच पाठची बहीण, काल सकाळी बरोब्बर एक किलो भरली होती.

लिलाबाईच्या डोळ्यांत पहिल्यांदाच रागाखेरीज काहीतरी आलं. "मंग थे माही नाईच."

"नाही. आणि लिलाबाई, ती कोणाची आहे तेही मला कळलं."

४

बुधवारी अकरा वाजता समिती आली. तिघे जण. मधले पंजाबराव, जाड भिंगांचा चष्मा, कमी बोलणारे. कारागीर या वेळी खिडकीत नव्हते, सरळ सभागृहात शिरून भिंतीला उभे होते. हिरालाल होता. गुलाबसिंग होता. लिलाबाई लेकरू घेऊन वच्छलेशेजारी बसली होती. गिरजाबाई दाराशी बसली होती, दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळून मांडीवर ठेवलेले, जणू दुसऱ्या कोणाचे हात सांभाळायला दिलेत. चंपत रजिस्टर घेऊन कोपऱ्यात उभा.

शेषराव साहेबांनी अहवाल वाचला. वजन जुळलं, चिठ्ठी जुळली, नमुना बदलल्याचा पुरावा नाही.

"वजन जुळलं हाच पुरावा आहे," वच्छला म्हणाली.

तिने रिठदच्या सहा वड्या टेबलावर मांडल्या, एक एक करून काट्यावर चढवल्या. पारडं सहा वेळा वर गेलं.

"आठ वड्या एका घाण्यातल्या, एका दिवशी कापलेल्या. तीन आठवड्यांत प्रत्येकीतलं शंभर-सव्वाशे ग्रॅम पाणी उडालं. एकाच वडीतलं कसं नाही उडालं? कारण ती परवा तोलली तेव्हा ताजी होती. तिच्यात कॉस्टिक जास्त आहे. केली दुसऱ्या कोणीतरी."

"शनिवारी कोनी बी बदलू शकते," भिंतीकडून आवाज आला. "हिरालालले धरा."

"हिरालालभाऊ," वच्छला वळली, "तीन आठवड्यांची किलोची वडी किती भरते?"

"नऊशेच्या आत-बाहेर." त्याने वरच्या ओठावरून जीभ फिरवली. त्याच्या ध्यानात आलं होतं.

"यांना ते पाठ आहे. परवा माझ्यासमोर एका मावशीशी यावरूनच भांडले. वडी यांनी बदलली असती, तर नऊशेची ठेवली असती. साबणवाला किलोची कधीच ठेवणार नाही. गुलाबसिंगला तर मूळ वजन माहीतच नव्हतं. त्याने अंदाजाने कुठली तरी वडी ठेवली असती, आणि ती बरोब्बर एक किलो भरायला नशीब लागलं असतं. ज्याने बदलली त्याला दोन गोष्टी माहीत होत्या आणि एक माहीत नव्हती. रजिस्टरात एक किलो लिहिलंय हे माहीत होतं. तोलताना रजिस्टरशी जुळलं पाहिजे हे माहीत होतं. फक्त साबण वाळतो, हे माहीत नव्हतं."

"साहेबालेबी आकडा मालूम असंन," कोणीतरी म्हणालं.

"साहेबांनी चौदा वर्षांत काट्याला हात लावलेला नाही. सह्या करतात."

शेषराव साहेबांचा चेहरा लाल झाला, पण या घटकेला तो अपमानच त्यांना सोडवत होता, म्हणून ते गप्प राहिले.

चंपत जागचा हलला नव्हता. "पत्रा वाळत नाई," तो म्हणाला. "खिळे वाळत नाई. सूत वाळत नाई. चौदा वर्षं जे आलं ते तेवढंच राह्यलं. मले काय ठाव, बाई."

"कॉस्टिक कुठून आलं?"

"कोटा बंद झाला तवा ड्रमाच्या बुडाशी झाडन उरली होती."

"आणि लिलाबाईची खरी वडी?"

त्याने रजिस्टर छातीशी घट्ट धरलं. वच्छला पंजाबरावांकडे वळली. "ती भांडारात असेल. यांनी ती फेकलेली नाही. निर्लेखनाचा, म्हणजे माल बाद करण्याचा, हुकूम असल्याशिवाय यांनी आजवर गंजलेला खिळासुद्धा फेकलेला नाही."

पंजाबरावांनी हात पुढे केला. चंपतने किल्ली दिली नाही, रजिस्टर दिलं. शेवटचं पान स्वतःच उघडून दिलं. त्याच्या त्या सुबक, गोल अक्षरात सोमवारची नोंद होती: नोंदीवाचून आढळलेला माल, साबण वडी एक, वजन आठशे पंच्याऐंशी ग्रॅम, फळी क्रमांक तीन.

"नोंद न करता ठेवू कसा?" तो म्हणाला. आणि मग, पहिल्यांदा, त्याचा आवाज फाटला. "सोमवारी सकाळी कुलूप उघडून दोरा सोडाले वडी घेतली. सवयीनं तोलली. एकशे पंधरा ग्रॅम कमी. माह्या भांडारातून, कुलुपातून, एकशे पंधरा ग्रॅम. मले घाम फुटला. उंदराचे दात पाह्यले, फळी झाडली. कुठं गेले, काई समजना. म्हनून दुसरी केली होती ती मोजून पुरी किलोची कापली, का निदान रजिस्टर तरी खोटं पडू नोये."

"हवेत गेले," लिलाबाई म्हणाली.

चंपतने तिच्याकडे पाहिलं. आता त्याच्या तोंडावर शरम नव्हती, शुद्ध वैर होतं. "तुले हसू येते. बहात्तरच्या दुष्काळात या भिंतीशी उभ्या असलेल्या एका एका मानसाले पत्रा म्या देल्ला. यायच्या चुली माह्या रजिस्टरावर पेटल्या. आन आता म्हने कोटा नाई, वाटप नाई, ज्याची अक्कल त्याचा धंदा. यायची अक्कल पन्नाशीत कुठून येईन? यायले तुमी परीक्षेलेबी बसू देल्लं नाई. एक नमुना नासला असता, तमाशा झाला असता, तं कागद वापस गेला असता. म्या म्हनलं होतं, तिलेच धुवाले लावा. थोडी चुनचुन होईन, बस."

भिंतीशी उभे असलेल्यांपैकी कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. जो सोमवारी हसला होता तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता.

"चंपतभाऊ," दाराशी बसलेली गिरजाबाई शांतपणे म्हणाली, "मले पुढं केलं तवा तुमी 'थांबा' म्हनाले असते तं?"

त्याच्याकडे रजिस्टरही उरलं नव्हतं की ज्यात तोंड घालावं.

५

चंपतला बाहेरच्या बाकावर बसवलं. समितीने आत चहा मागवला, आणि चहा आणायला कोण, असा प्रश्न पडल्यावर सगळ्यांची नजर दाराशी, पट्ट्या बांधलेल्या हातांकडे गेली.

शेषराव साहेबांनी मात्र तेवढ्या वेळात टायपिस्टला बसवून एक कागद तयार केला. पंजाबरावांनी त्यावर नजर फिरवली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि काही न बोलता सही केली. शेषराव साहेबांनी कागद लिलाबाईपुढे सरकवला. आवाजात तूप.

"गाळा क्रमांक चार, तुमच्या नावाने. अभिनंदन. इथे खाली सही करा, आणि किल्ली घ्या."

लिलाबाईने लेकरू वच्छलेच्या मांडीवर दिलं. चौथी शिकलेली बाई. बोट ठेवून, ओठ हलवत, तिने कागद वाचायला घेतला. शेषराव साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. तिने बोट उचललं नाही.

वरच्या अर्ध्यात गाळ्याचा हुकूम होता. खालच्या अर्ध्यात लिहिलं होतं की दिनांक पंचवीस रोजी झालेला प्रकार हा अनवधानाने घडलेला अपघात असून, त्याबाबत माझी किंवा अन्य कोणाची कार्यालयाविरुद्ध वा कर्मचाऱ्याविरुद्ध काहीही तक्रार नाही, व राहणार नाही.

"हे खालचं काय हाये?"

"औपचारिकता आहे. कार्यालयाचं नाव पेपरात यायला नको. शेवटी तुमचाही धंदा आमच्याच आधाराने..."

"अन्य कोनी म्हंजे कोन?"

शेषराव साहेबांनी दाराकडे पाहिलं नाही.

वच्छलेच्या मांडीवरचं पोर तिच्या बोटाशी खेळत होतं. किल्ली टेबलावर होती, नवी, अजून तेलाने चिकट. त्या किल्लीसाठी लिलाबाई महिनाभर रोज बसने येऊन प्रशिक्षणाला बसली होती, नवऱ्याच्या आणि सासरच्या तोंडाला तोंड दिलं होतं, दोन दिवस गावात मान खाली घालून फिरली होती. वच्छलेला वाटलं, सही कर आणि मोकळी हो; बाकीचं मी बघेन. ती ते बोलली नाही. परवा बादलीकडे गेलेली नजर आज तिने लिलाबाईच्या तोंडावरून हलू दिली नाही.

लिलाबाईने कागद बरोबर मध्यावर दुमडला. घडीवरून नख फिरवलं, एकदा, दोनदा, साबणाची वडी कापायला रेघ आखावी तसं. मग दोन्ही हातांनी धरून तो सरळ फाडला.

"ए बाई," शेषराव साहेब अर्धे उठले.

"वरचं बराबर हाये. त्याच्यावर करतो सही." तिने वरच्या अर्ध्यावर नाव लिहिलं, सावकाश, एकही वेलांटी न सोडता, आणि ते पंजाबरावांपुढे ठेवलं. "तुमची सही आधीच हाये त्याच्यावर, साहेब. खोडाची असंन तं आत्ताच खोडा, या लोकायपुढं."

पंजाबरावांनी आपल्या सहीवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी किल्ली उचलून तिच्या बाजूला सरकवली.

लिलाबाईने किल्ली घेतली. खालचा अर्धा घेऊन ती दाराशी गेली, गिरजाबाईसमोर उकिडवी बसली, आणि तो तुकडा तिच्या मांडीवर, पट्ट्या बांधलेल्या हातांशेजारी ठेवला.

"याच्यात तुमच्यावतीनं लिहून ठेवलं व्हतं, मावशी, का तुमची काई तक्रार नाई. तुमाले न इचारता. तुमचं तुमी पाहा."

गिरजाबाईला वाचता येत नव्हतं. तिने त्या तुकड्याकडे पाहिलं, मग बाहेर बाकावर पाठ करून बसलेल्या चंपतकडे. आणि मग दोन्ही कोपरं जमिनीला टेकवून, हातांना कुठे काही लागू न देता, ती उठून उभी राहिली.

"वच्छला," ती म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने बाई न म्हणता नाव घेतलं होतं. "हा कागद घे, पोरी. मले धरता येत नाई. आन चाल माह्या संग ठान्यावर, लिहून द्याले कोनी पाह्यजे."